स्पेनची यादवी: आजोबा मारले गेले, वडील गप्प राहिले, नातवाने खणायला घेतलं

आडवाट

स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक १ एप्रिल १९३९ला, फ्रँकोच्या विजयाच्या घोषणेबरोबर संपतं. मला मात्र गेली काही वर्षं त्याच्या पुढच्या भागाने पछाडलंय. युद्ध संपल्यावर कोणाचे मेलेले मोजले गेले, कोणाचे रस्त्याकडेच्या खड्ड्यांत तसेच राहिले आणि हा हिशेब पुढे किती वेळा बदलला, यावर इथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुलै १९३६मध्ये लष्करातल्या काही सेनापतींनी निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठाव केला. तो पुरता फसलाही नाही आणि पुरता जमलाही नाही, त्यामुळे देश दुभंगला. उठाववाल्यांचा नेता, पुढे हुकूमशहा झालेला जनरल फ्रँको, त्याच्या पाठीशी हिटलर आणि मुसोलिनी, प्रजासत्ताकाला सोव्हिएत शस्त्रं आणि जगभरातून आलेले स्वयंसेवक. तीन वर्षांत सुमारे पाच लाख माणसं गेली. त्यातली फार मोठी संख्या आघाडीपासून लांब मेली, रात्री घरातून उचलून गावाबाहेर गोळ्या घातल्या म्हणून. प्रजासत्ताकाच्या भागात असे सुमारे ५०,०००. फ्रँकोच्या भागात, युद्धानंतरच्या फाशा आणि गोळीबार धरून, याच्या दुपटीहून बरेच जास्त.

पहिली जवळजवळ चाळीस वर्षं स्मरणाचा मक्ता जिंकणाऱ्यांकडे होता. गावोगावच्या चर्चच्या भिंतींवर 'देवासाठी आणि स्पेनसाठी' पडलेल्यांची नावं कोरली गेली, बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर फालान्हे या फॅसिस्ट पक्षाचा संस्थापक होसे आंतोनियो प्रिमो दे रिवेरा. त्याच गावातल्या दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांना साधी मृत्यूची नोंदही मिळाली नाही. माद्रिदच्या मुख्य रस्त्याला, ग्रान व्हियाला, होसे आंतोनियोचं नाव दिलं गेलं. १८ जुलै, म्हणजे उठावाचा दिवस, राष्ट्रीय सण झाला. १९४७पासून कामगारांना त्या तारखेच्या नावाने जादा पगार मिळू लागला. ज्याचा बाप त्या उठावात मारला गेला, त्यानेही त्याच दिवसाच्या नावाचे पैसे घरी न्यायचे. उन्हाळ्यातला तो जादा पगार स्पेनमध्ये आजही मिळतो, नाव तेवढं गळून पडलंय.

या स्मृतीचं सगळ्यात मोठं बांधकाम म्हणजे माद्रिदजवळच्या डोंगरातलं 'पडलेल्यांचं खोरं'. डोंगर पोखरून केलेलं चर्च आणि वर दीडशे मीटर उंच क्रूस. १९४०मध्ये हुकूम निघाला, १ एप्रिल १९५९ला उद्घाटन झालं. कामावर राजकीय कैदीही राबले. आत ३३,०००हून अधिक मृतदेह आहेत. उद्घाटनाच्या सुमारास 'दोन्ही बाजूंचे' म्हणता यावं म्हणून प्रजासत्ताकवाद्यांच्या कबरीही उकरल्या गेल्या आणि हाडं लाकडी पेट्यांत भरून तिथे आणली गेली. घरच्यांना विचारलं नाही, कळवलंही नाही. म्हणजे ज्यांना मारलं त्यांनाच मारणाऱ्याच्या स्मारकात भरती केलं. मला या सगळ्या कथेतलं हे सर्वांत क्रूर वाटतं.

मग १९६४ आलं आणि सूर बदलला. राजवटीने 'शांततेची २५ वर्षं' साजरी केली. तोपर्यंत धर्मयुद्धाची भाषा होती, आता फ्रँको शांतता आणणारा झाला. पर्यटक येत होते, घराघरांत टीव्ही येत होता, आणि नव्या पिढीला 'पुन्हा तसलं काही नको' एवढाच धडा पुरेसा होता.

फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ला गेला. १५ ऑक्टोबर १९७७ला सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. राजकैदी सुटले आणि त्याच कायद्याने राजवटीच्या माणसांवरचे संभाव्य खटलेही मिटवून टाकले. यालाच नंतर 'विस्मरणाचा करार' म्हणायला लागले. १९८६मध्ये युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तर समाजवादी सरकार होतं, पराभूत बाजूचा वारसा सांगणारं. त्यांनीही निवेदन काढलं की यादवी युद्ध ही साजरी करण्यासारखी घटना नाही.

आणि मग ऑक्टोबर २०००. लेओन प्रांतातलं प्रियारांसा देल बिएर्सो हे गाव. एमिलियो सिल्वा नावाच्या पत्रकाराने आपल्या आजोबांचा शोध घेत रस्त्याकडेचा खड्डा उकरून घेतला. पुरातत्त्वाचे आणि न्यायवैद्यकाचे जाणकार होते. तेरा सांगाडे निघाले. १६ ऑक्टोबर १९३६ला मारलेल्या आजोबांची ओळख २००३मध्ये डीएनएवरून पटली. या युद्धातल्या बळींपैकी अशी ओळख पटलेले ते पहिले. तिथून देशभर माणसं फावडी घेऊन उभी राहिली.

माझं म्हणणं असं: स्पेन विसरला होता आणि नातवंडांनी आठवण करून दिली, ही मांडणी सोयीची आहे पण खरी नाही. कोणीच विसरलं नव्हतं. गावात कोणाला कुठे पुरलंय हे सगळ्यांना माहीत होतं, पुरणाऱ्यांना तर होतंच. बदलत गेलं ते एवढंच, की कोणाला मोठ्याने बोलायची मुभा आहे. तुम्हाला काय वाटतं?

मेघमल्हार

उत्तम धागा. गेर्निकाचा उल्लेख राहिला म्हणून भर घालतो, कारण तिथे खोटी स्मृती कशी तयार होते ते स्पष्ट दिसतं. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. कॉन्डर लीजन या जर्मन हवाई तुकडीने आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातलं ते गाव बॉम्ब टाकून जाळलं. फ्रँकोच्या बाजूने लगेच जाहीर झालं की पळून जाणाऱ्या 'लालां'नीच, म्हणजे डाव्यांनीच, गाव पेटवलं. आणि हीच अधिकृत कथा पुढे कित्येक वर्षं चालली. ज्यांनी विमानं डोक्यावर पाहिली त्यांना आपल्या डोळ्यांवरचा विश्वास घरातच ठेवावा लागला. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी, रोमान हेर्झोग यांनी, जबाबदारी मान्य करणारा संदेश पाठवला तो १९९७मध्ये, साठ वर्षांनी. पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र न्यूयॉर्कहून स्पेनला आलं १९८१मध्ये.

आणखी एक. तेव्हाच्या बास्क सरकारने मृतांचा आकडा १,६५४ दिला होता. आताचे बरेच इतिहासकार तो काही शेच धरतात. त्याने गुन्हा लहान होत नाही, पण पीडितांच्या बाजूचे आकडेही तपासून घ्यावे लागतात हे आपण मान्य करायला हवं.

जुना_वाचक

लेख आवडला, निष्कर्ष अर्धाच पटला. १९७७च्या कायद्याकडे आज बघताना तो काही उजव्यांनी लादला असं चित्र उभं राहतं. माफीची मागणी डाव्यांची होती. तिच्यासाठी मोर्चे त्यांनी काढले, लाठ्या त्यांनी खाल्ल्या. संसदेत कम्युनिस्टांच्या वतीने मार्सेलिनो कामाचो बोलले. हा माणूस फ्रँकोच्या तुरुंगात कित्येक वर्षं काढून आलेला. आणि फ्रँकोच्या जुन्या मंत्र्यांचा पक्ष, आलियांसा पोपुलार, त्याने तर मतदानच केलं नाही, तटस्थ राहिला.

लष्कर तेच होतं, पोलीस तेच होते, न्यायाधीश तेच होते. २३ फेब्रुवारी १९८१ला उठावाच्या प्रयत्नात लेफ्टनंट कर्नल तेखेरो पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, छताला गोळ्या मारल्या आणि खासदार बाकांखाली गेले. हे फ्रँको गेल्यावर पाच वर्षांनी! अशा वेळी 'आधी कबरी उघडा' म्हणणं सोपं नव्हतं. त्या पिढीने गप्प राहून लोकशाही पदरात पाडून घेतली. नातवंडांना खणायची मोकळीक मिळाली ती त्याच लोकशाहीत.

आडवाट

@जुना_वाचक, त्या पिढीला मी भित्रं म्हणत नाहीये. कामाचोंबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण गप्प राहण्याची किंमत कोणी मोजली, हेही बघायला हवं. ती संसदेतल्या पुढाऱ्यांपेक्षा खेड्यातल्या विधवांनी जास्त मोजली.

आणि सगळे गप्प होते हेही खरं नाही. ला रिओहा प्रांतात लोग्रोन्योजवळ ला बारांका नावाची जागा आहे. १९३६च्या शेवटच्या महिन्यांत तिथे चारशेच्या वर माणसांना मारून लांबलचक चरांत पुरलं. त्यांच्या बायका काळे कपडे घालून दर वर्षी तिथे जायच्या, फुलं ठेवायच्या. पोलीस हुसकावून लावायचे, त्या पुन्हा यायच्या. ऐन हुकूमशाहीत. जमीन नांगरली गेली नाही, जागा हरवली नाही, ती या बायांमुळे. १ मे १९७९ला तिथे स्मारक झालं. म्हणजे विस्मरणाचा करार वगैरे ज्या काळात चालला होता म्हणतात, त्याच काळात. नव्हार्रा आणि एस्त्रेमादुरामध्येही तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच कबरी उघडून आपल्या माणसांना स्मशानात नेलं. ना डीएनए, ना सरकारी मदत, ना वर्तमानपत्रांत फारसा गाजावाजा. तुम्ही सांगितलेल्या १९८१च्या उठावाने ते थांबलं. भीती परत आली.

भीती किती खोल होती त्याचं एक उदाहरण. आंदालुसियातल्या मिहास गावाचा प्रजासत्ताक काळातला शेवटचा महापौर मानुएल कोर्तेस युद्धानंतर घरातच लपून बसला. तीस वर्षं! युद्धकाळातले गुन्हे आता मुदतबाह्य झाले असा हुकूम १९६९मध्ये निघाला, तेव्हा तो उजेडात आला. तरुण असताना आत गेलेला माणूस साठीच्या पुढे गेलेला होता. असे लोक आणखीही होते.

दगडफूल

चर्चा एकाच बाजूला झुकतेय असं वाटलं म्हणून लिहिते. प्रजासत्ताकाच्या भागात पाद्री, नन आणि मठवासी मिळून जवळजवळ ७,००० मारले गेले, त्यात बिशपच तेरा. नोव्हेंबर-डिसेंबर १९३६मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून कैदी बाहेर काढून पाराक्वेयोस इथे २,०००हून अधिक जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या नातवंडांनाही आजोबा नव्हतेच ना?

त्यांना चाळीस वर्षं स्मारकं मिळाली हे बरोबर. पण ज्या राजवटीने त्यांचे फोटो फलकांवर लावले, तिने त्यांचं दुःख स्वतःच्या कामाला जुंपलं, असंही मला वाटतं. आता त्यांचं नाव घेतलं की माणूस फ्रँकोवादी ठरतो, हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय. २००७चा ऑक्टोबर आठवा. २८ तारखेला रोममध्ये चर्चने त्या काळात मारल्या गेलेल्या ४९८ जणांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि ३१ तारखेला स्पेनच्या संसदेत ऐतिहासिक स्मृतीचा कायदा मंजूर झाला. एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या यादव्या आठवल्या गेल्या.

आडवाट

@दगडफूल, पाराक्वेयोसबद्दल पूर्ण सहमत. तो निखळ गुन्हा होता आणि त्याला 'पण' लावायची मला गरज वाटत नाही.

फरक एकाच ठिकाणी दिसतो. पाराक्वेयोसला स्मशान आहे, क्रूस आहे, कुटुंबांना जायला जागा आहे. युद्धानंतर राज्याने त्यांचे मृतदेह शोधले, मारेकऱ्यांवर खटले चालवले आणि कित्येकांना फाशी दिली. खड्ड्यांतल्यांसाठी राज्याने काही केलं नाही. न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी २००८मध्ये बेपत्ता लोकांची यादी केली, ती १,१४,२२६ नावांची. चौकशी त्यांच्या हातून गेली, उलट अधिकाराबाहेर गेल्याबद्दल त्यांच्यावरच खटला भरला गेला. २०१२मध्ये त्यात ते निर्दोष सुटले, पण चौकशी काही पुन्हा उभी राहिली नाही.

शाल्मली

मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या उत्खननांचे अहवाल जमेल तसे वाचत असते. सांगाड्यांबरोबर बटणं, पट्ट्यांची बक्कलं, बुटांचे तळ, पेन्सिलीचे तुकडे निघतात. सहसा या वस्तू ओळख पटवायला मदत करतात, बाकी काही नाही.

एक वस्तू मात्र मनातून जात नाही. पालेन्सिया शहरातल्या जुन्या स्मशानाची जागा मोकळी करून तिथे बाग केली गेली होती, मुलांना खेळायला. २०११च्या सुमारास तिथे खणलं तेव्हा एका बाईच्या सांगाड्याजवळ रंगीत प्लास्टिकसारख्या पदार्थाचा खुळखुळा सापडला. ती ३७ वर्षांची, चार मुलांची आई. सप्टेंबर १९३६मध्ये तिला गोळ्या घातल्या. सगळ्यात धाकटा मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. खुळखुळा त्याचा. २०१९मध्ये तो त्याच्या हातात दिला गेला, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. आईचा चेहरा त्याला आठवत असणं शक्यच नव्हतं.

डीएनएबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगते. सगळी गाठ काळाशी आहे. हाडांतला डीएनए दर दशकात खराब होत जातो आणि जुळवायला जी जवळची माणसं लागतात, म्हणजे मुलं-भावंडं, ती संपत आली. नातवंडांवरून जुळवणं अवघड, पणतवंडांवरून त्याहून अवघड. त्यामुळे '१९७७मध्ये थांबणं शहाणपणाचं होतं' हे मान्य केलं तरी त्या थांबण्यात अनेकांची ओळख कायमची गेली. १९८०मध्ये तंत्र नव्हतं हेही खरं, पण नमुने द्यायला आणि साक्ष द्यायला माणसं होती.

वऱ्हाडी_माणूस

या युद्धाचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो. गोपाळ मुकुंद हुद्दार, बाळाजी हुद्दार म्हणून ओळखले जात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि तिथून प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती होऊन स्पेनला, तेही 'जॉन स्मिथ' नावाने. १९३८मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले. बुर्गोसजवळ सान पेद्रो दे कार्देन्या नावाच्या मठात परदेशी स्वयंसेवकांचा कैदी तळ होता, तिथे त्यांना ठेवलं. सुटून भारतात आले आणि कम्युनिस्ट पक्षात गेले.

मला वाटतं स्मृती कशी चालते ते इथेही दिसतं. संघाच्या इतिहासात त्यांचं नाव सुरुवातीच्या काही पानांत, डाव्यांच्या इतिहासात शेवटच्या काही ओळींत. ज्याचं आयुष्य दोन्ही गोटांत गेलं त्याला आपला म्हणायला कोणी फारसं पुढे येत नाही. नागपुरात वाढूनही मला हे नाव चाळिशीत कळलं.

जाता जाता: १९३८च्या जूनमध्ये नेहरूही कृष्ण मेनन यांच्याबरोबर बार्सिलोनाला गेले होते, बॉम्ब पडत असताना.

मेघमल्हार

@वऱ्हाडी_माणूस, कमाल माहिती! यावर स्वतंत्र धागा काढाच.

ब्रिगेडवाल्यांबद्दल: स्पेनने १९९६मध्ये त्यांना नागरिकत्व देऊ केलं, पण स्वतःचं नागरिकत्व सोडायची अट होती. ती २००७च्या कायद्याने काढली. तोवर बहुतेक जण गेलेले होते.

पैलतीर

नऊ-दहा वर्षं माद्रिदमध्ये आहे. इथून काय दिसतं ते लिहितो.

२४ ऑक्टोबर २०१९ला फ्रँकोला त्या खोऱ्यातून बाहेर काढलं. टीव्हीवर सकाळपासून थेट प्रक्षेपण. घरच्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली, मग हेलिकॉप्टरने मिंगोरुबियोच्या स्मशानात. ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच चालू होतं आणि कोणी एक शब्द बोललं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी तेवढी उठून बाहेर गेली. तिच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आईकडून एक, वडिलांकडून दुसरी. नाताळच्या जेवणात हा विषय काढायचा नाही असा त्यांच्या घरात नियम आहे. @आडवाट, तुमचं 'कोणीच विसरलं नव्हतं' मला तेव्हा पटलं. नियम करावा लागतो तो आठवणाऱ्या घरातच.

त्यानंतर २०२२चा लोकशाही स्मृतीचा कायदा आला. शोधण्याची जबाबदारी आता राज्याची, नुसती कुटुंबांची नाही. खोऱ्याचं नाव बदलून क्वेलगामुरोस झालं, त्या जागेचं जुनंच नाव. एप्रिल २०२३मध्ये होसे आंतोनियोलाही तिथून हलवलं. तळघरातल्या त्या लाकडी पेट्यांमधून आता कुटुंबांनी मागितलेले अवशेष शोधायचं काम चालू आहे. ओल लागून पेट्या कोसळल्यात, हाडं एकमेकांत मिसळलीत. @शाल्मली यांना कळेल हे किती किचकट असेल.

पण हे सगळं एका दिशेने चाललंय असं समजू नका. २०२४मध्ये आरागोनने आपला प्रादेशिक स्मृती कायदा रद्द केला. व्हालेन्सिया आणि कास्तिया-लेओनमध्येही तिथल्या उजव्या पक्षांनी 'सलोख्याचे' कायदे पुढे आणले, ज्यांत हुकूमशाहीचं नाव घेणंच टाळलं जातं. सरकार बदललं की खड्ड्यांसाठीचा पैसा बदलतो. २००७चा कायदा केंद्रात नवं सरकार आल्यावर रद्द झाला नव्हता, फक्त त्याच्या तरतुदीचा निधी शून्यावर आणला होता.

जुना_वाचक

@पैलतीर, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. @शाल्मली यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मुद्द्याला एक जोड देतो. १९७७ला थांबणं मला अजूनही बरोबर वाटतं. पण १९८२ला समाजवाद्यांना प्रचंड बहुमत मिळालं, पुढे चौदा वर्षं तेच सत्तेत होते, आणि लष्करही तोवर ताब्यात आलं होतं. तेव्हा निदान मृत्यूच्या नोंदी आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी घेऊन ठेवता आल्या असत्या. त्याला ना खटला लागत होता, ना फावडं. त्या चौदा वर्षांचं समर्थन मला करता येत नाही.

दगडफूल

+१. नोंदी आणि साक्षी, दोन्ही बाजूंच्या.

मेघमल्हार

एक शंका. मग आजवर एकही माणूस न्यायालयासमोर उभा राहिला नाही का?

आडवाट

@मेघमल्हार, स्पेनमध्ये नाही. १९७७चा कायदा अजून जागेवर आहे आणि न्यायालयं त्यावर बोट ठेवतात. म्हणून कुटुंबांनी २०१०मध्ये ब्वेनोस आयरेसला फिर्याद नेली. अर्जेंटिनाच्या कायद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे कुठेही घडले तरी चौकशी करता येते. मारिया सेर्विनी या न्यायाधीशांकडे ते प्रकरण गेलं.

आसेन्सियोन मेंदिएता यांचं नाव तिथूनच सगळीकडे झालं. वडील कामगार संघटनेचे, युद्ध संपल्यावर १९३९मध्ये ग्वादालाहाराच्या स्मशानभिंतीशी गोळ्या घातलेले. वयाच्या ८८व्या वर्षी त्या विमानाने अर्जेंटिनाला जाऊन साक्ष देऊन आल्या. तिथल्या न्यायाधीशाच्या विनंतीवरून स्पेनमधली कबर उघडली गेली. पहिल्या खेपेला वडील सापडले नाहीत, शेजारच्या खड्ड्यात शोधावं लागलं. २०१७मध्ये ओळख पटली आणि माद्रिदच्या स्मशानात दफन झालं. दोन वर्षांनी त्या गेल्या, त्याच कबरीत.

गोळ्या घालणाऱ्यांपैकी कोणावर खटला नाही. राजवटीच्या शेवटच्या काळातल्या पोलीस आणि मंत्र्यांना अर्जेंटिनाने बोलावलं होतं, स्पेनने ताब्यात द्यायला नकार दिला. @वऱ्हाडी_माणूस, हुद्दारांच्या धाग्याची वाट बघतोय. कैदी तळाबद्दल माझ्याकडे थोडं वाचन आहे, तिथे देतो.